हिल्डे मांगोल्ड : भ्रूणाला पाठ कुठे आणि पोट कुठे हे कोण सांगतं?



मृगाचा पहिला दणदणीत पाऊस पडला की आपल्या गोंडपिपरी भागात रात्रभर काय चालतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. बांधीत, बोडीत, रस्त्याकडेच्या खड्ड्यात, जिथे म्हणून पाणी साचलं तिथे बेडकांचा आवाज. सकाळी धुऱ्यावरून चालत गेलं की पाण्यावर चिकट, फुगलेल्या साबुदाण्यासारखा थर दिसतो आणि त्यात काळे ठिपके. ती बेडकाची अंडी. मागच्या वर्षी सातवीच्या एका मुलीने मला विचारलं की सर, हा ठिपका तर सगळीकडून गोल आहे, मग डोकं कोणत्या बाजूला करायचं आणि शेपटी कोणत्या बाजूला हे त्याला कसं कळतं?

प्रश्न साधा वाटला, पण उत्तर द्यायला मला दोन तास लागले, आणि त्यातला बराचसा वेळ एका बाईबद्दल बोलण्यात गेला. तिचं नाव हिल्डे मांगोल्ड. जीवशास्त्राच्या मोठ्या पुस्तकात तिचं नाव असतंच असतं. ती ओळखली जाते ती एका शोधनिबंधासाठी, आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षी ती गेली. आजचा पाठ तिच्यावर आहे.

हिल्डेचा जन्म 20 ऑक्टोबर 1898 रोजी जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात गोथा या गावी झाला. माहेरचं आडनाव प्रोशोल्ट. वडिलांचा साबणाचा कारखाना होता, घर खाऊनपिऊन सुखी होतं, आणि तीन बहिणींत ही मधली. त्या काळी जर्मनीत मुलींना विद्यापीठाचे दरवाजे उघडून फार वर्षं झाली नव्हती. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा, 1918 मध्ये, ती येना विद्यापीठात दाखल झाली. तिथून फ्रँकफुर्टला गेली. फ्रँकफुर्टला तिने हान्स श्पेमान या प्राध्यापकांचं एक व्याख्यान ऐकलं. विषय होता, भ्रूण कसा घडतो हे प्रयोग करून कसं शोधायचं. ते व्याख्यान तिच्या मनात बसलं. 1920 मध्ये ती थेट श्पेमान यांच्याकडे फ्रायबुर्गला शिकायला गेली.

आता श्पेमान कोण ते थोडं बघू. हे गृहस्थ भ्रूणावर शस्त्रक्रिया करत. भ्रूण केवढा? मोहरीच्या दाण्याएवढा किंवा त्याहून जरासा मोठा. त्याच्यावर चालणारी सुरी बाजारात कुठे मिळणार! म्हणून त्यांनी हत्यारं स्वतःच बनवली. काच तापवून ओढून बारीक सुया केल्या, आणि लहान बाळाच्या मऊ केसाचा फास करून अंड्याभोवती आवळला. प्राणी निवडला न्यूट. न्यूट म्हणजे बेडकाचा शेपटीवाला नातलग, पाण्यात अंडी घालणारा. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीत तो नाही. भारतात त्याचा एक प्रकार दार्जिलिंगच्या बाजूला सापडतो. पण त्याचा भ्रूण सुरुवातीला बेडकासारखाच वाढतो, म्हणून आज आपण जे बघणार आहोत ते आपल्या बोडीतल्या अंड्यालाही लागू आहे.

फ्रायबुर्गच्या प्रयोगशाळेत हिल्डेबरोबर व्हिक्टर हॅम्बर्गर आणि योहानेस होल्टफ्रेटर हे दोघे तरुण शिकत होते. पुढे दोघेही नावारूपाला आले. हॅम्बर्गर खूप म्हातारे झाल्यावरही हिल्डेची आठवण काढत. मोकळ्या स्वभावाची, हुशार, अभ्यासाबाहेरच्याही गोष्टींत रस घेणारी अशी ती त्यांच्या लिखाणातून दिसते.

तिला पहिलं काम मिळालं ते भलतंच. अठराव्या शतकात अब्राहम ट्रेंब्ले या निसर्गअभ्यासकाने हायड्रा हा पाण्यातला इवलासा जीव मोजा उलटा करावा तसा आतला भाग बाहेर करून उलटवला होता. तोच प्रयोग पुन्हा करून दाखव, असं श्पेमान यांनी तिला सांगितलं. हिल्डेने खूप खटपट केली, पण जमलं नाही. हाताखालच्या विद्यार्थ्याला असं काम मिळालं आणि जमलं नाही की काय वाटतं, हे प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांना चांगलं माहीत असेल. शेवटी 1921 च्या वसंत ऋतूत श्पेमान यांनी तिला दुसरा विषय दिला, आणि तो हा.

भ्रूण आधी नुसता पेशींचा गोळा असतो. मग त्याच्या एका बाजूला एक बारीक खाच पडते आणि बाहेरच्या पेशी त्या खाचेतून आत सरकू लागतात. या खाचेच्या वरच्या काठाला ओठ म्हणतात. श्पेमान यांना एक विचित्र गोष्ट दिसली होती. या अवस्थेत भ्रूणाचा दुसरा कुठलाही तुकडा काढून दुसरीकडे लावला, तर तो नव्या जागेप्रमाणे वागतो. पोटाच्या जागी लावला तर पोटाची कातडी होतो. ओठाचा तुकडा मात्र ऐकत नाही. तो जिथे लावाल तिथे दुसरी पाठ उभी करू लागतो. प्रश्न असा होता की ही दुसरी पाठ त्या तुकड्याच्या स्वतःच्या पेशींची बनते, की तो शेजारच्या पेशींना कामाला लावतो?

रोवणीचं उदाहरण घेऊ. तुम्ही पऱ्हे उपटून दुसऱ्या बांधीत लावले. ते धानाचेच पऱ्हे, धानच होणार. तो झाला पहिला पर्याय. पण समजा एक पऱ्हा लावला आणि त्याच्या आजूबाजूचं गवतच ओंब्या धरू लागलं, तर? कोणी विश्वास ठेवेल का? हिल्डेला हेच तपासायचं होतं, आणि तपासायचं म्हणजे पऱ्हा कुठला आणि गवत कुठलं हे शेवटपर्यंत ओळखू आलं पाहिजे.

त्यासाठी त्यांनी न्यूटच्या दोन जाती घेतल्या. एकीचा भ्रूण फिकट, जवळजवळ पांढरा असतो. दुसरीच्या पेशींत काळसर रंग असतो. फिकट भ्रूणाचा ओठ काढायचा आणि गडद भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला लावायचा. मग वाढ झाल्यावर पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. फिकट पेशी आल्या पाहुण्याकडून, गडद पेशी घरच्या. इतकी सोपी खूण, आणि सगळा निकाल तिच्यावर अवलंबून.

सोपी खूण म्हटलं, पण काम सोपं नव्हतं. न्यूट वसंतातच अंडी घालतो, त्यामुळे वर्षातले थोडेच आठवडे हातात. अंड्यावरचं चिकट आवरण काढायचं, भ्रूण फुटू द्यायचा नाही, काचेच्या सुईने तुकडा कापायचा, दुसऱ्यात तेवढीच जागा करून बसवायचा. प्रतिजैविक औषधं तेव्हा नव्हती. जखम भरेपर्यंत भ्रूण सडून जायचे. 1921 आणि 1922 या दोन हंगामांत हिल्डेने अडीचशेहून जास्त वेळा हा प्रयोग केला. शोधनिबंधात तपशिलाने मांडता येतील असे भ्रूण उरले जेमतेम पाच-सहा. बाकी सगळे गेले. मी वर्गात हे सांगतो तेव्हा मुलं हसतात, की सर एवढे नापास! पण त्या पाच-सहांनी जे दाखवलं ते कोणी आधी इतकं स्पष्ट पाहिलं नव्हतं.

गडद भ्रूणाच्या पोटाला दुसरा भ्रूण चिकटून वाढला होता. त्याला स्वतःची चेतारज्जू होती, पाठीचे स्नायूखंड होते, मूत्रपिंडाच्या नलिका होत्या. कापात पाहिलं तर मधली आधाराची दांडी, जिला पृष्ठरज्जू म्हणतात, ती जवळजवळ सगळी फिकट, म्हणजे पाहुण्याची. पण तिच्या वरची चेतारज्जू बहुतांशी गडद! ज्या पेशी पोटाची कातडी होणार होत्या त्या मेंदू-मज्जेच्या पेशी झाल्या होत्या. पाहुण्याने घरच्यांना कामाला लावलं होतं. स्नायूखंडात दोघांच्या पेशी शेजारी शेजारी बसलेल्या. पऱ्ह्याभोवतीच्या गवताने खरंच ओंब्या धरल्या होत्या.

श्पेमान यांनी त्या ओठाला संघटक असं नाव दिलं. इंग्रजी पुस्तकात त्याला ऑर्गनायझर म्हणतात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती सहसा वगळली जाते. 1909 मध्ये अमेरिकेत एथेल ब्राउन या तरुण संशोधिकेने हायड्रावर जवळपास असाच प्रयोग केला होता. हायड्राच्या तोंडाजवळचा तुकडा दुसऱ्या हायड्राच्या अंगावर लावला आणि तिथे नवं डोकं उगवलं. तिनेही हिरव्या आणि रंग नसलेल्या हायड्राचा फरक खुणेसाठी वापरला होता. तिचं नाव फार कोणी घेत नाही.

हिल्डेचं नाव घेतात, पण तेही कसं ते पाहा. 1923 मध्ये तिला डॉक्टरेट मिळाली. निबंध छापायची वेळ आली तेव्हा श्पेमान यांनी आपलं नाव त्यावर आधी घातलं, हिल्डेचं नंतर. बरोबरच्या विद्यार्थ्यांना आपापले प्रबंध एकट्याच्या नावाने छापता आले. हिल्डेला ते लागलं, असं हॅम्बर्गर यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. आता श्पेमान यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. प्रश्न त्यांचा होता, पद्धत त्यांनी वीस वर्षं घासून तयार केली होती, आणि निकालाचा अर्थ किती मोठा आहे हे विद्यार्थिनीपेक्षा त्यांना जास्त कळत होतं. तरी दोन वसंत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेले हात तिचे होते. माझं मत विचाराल तर निबंधावर दोन्ही नावं हवीत यात वाद नाही. वाद क्रमाचा आहे, आणि क्रम चुकला असं मला वाटतं.

आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना ही गोष्ट नवी नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी शेतात वेगळ्या दिसलेल्या ओंब्या वर्षानुवर्षं निवडून एचएमटी धान तयार केलं, आणि ते धान त्यांचंच आहे हे मान्य करून घ्यायला त्यांना किती वर्षं झगडावं लागलं, हे तुमच्या घरातली मोठी माणसं सांगतील. विचारा त्यांना.

पुन्हा हिल्डेकडे येऊ. 1921 च्या शरद ऋतूत तिने श्पेमान यांचे प्रमुख सहायक ओटो मांगोल्ड यांच्याशी लग्न केलं. म्हणून ती मांगोल्ड. 1923 च्या शेवटी मुलगा झाला, नाव क्रिस्टियान. 1924 मध्ये ओटो यांना बर्लिनच्या कैसर विल्हेल्म जीवशास्त्र संस्थेत जागा मिळाली आणि कुटुंब तिकडे गेलं. त्याच वर्षी तो निबंध छापून आला. आणि त्याच वर्षी स्वयंपाकघरातल्या शेगडीचा भडका उडून हिल्डे भाजली. 4 सप्टेंबर 1924 रोजी ती गेली. बाळ वर्षाचंही नव्हतं. हा मुलगाही पुढे दुसऱ्या महायुद्धात मारला गेला.

1935 मध्ये श्पेमान यांना नोबेल पारितोषिक मिळालं, संघटकाच्या शोधाबद्दल. एकट्या श्पेमान यांना.

हिल्डेची गोष्ट इथे संपते, पण तिने मागे ठेवलेला प्रश्न तिथून सुरू होतो. ओठाच्या पेशी शेजाऱ्यांना काहीतरी सांगतात हे कळलं. पण सांगतात म्हणजे नेमकं काय करतात? ओरडून तर सांगत नाहीत. काहीतरी पदार्थ पाझरत असणार.

तो पदार्थ शोधायला अख्खं जग लागलं, आणि जवळजवळ साठ वर्षं सगळे वाट चुकले. 1930 च्या दशकात कळलं की ओठाच्या पेशी मारून टाकल्या तरी त्यांचा तुकडा काम करतो. वा, म्हणजे रसायनच! पण मग यकृताचा तुकडा लावला, तरी चेतापेशी बनल्या. इतर प्राण्यांच्या ऊती लावल्या, तरी बनल्या. शेवटी मिथिलीन ब्लू नावाचा रंग लावला, आणि त्यानेही काम केलं. कुठलंही कारण पुरतं म्हटल्यावर खरं कारण ओळखायचं कसं? लोक कंटाळून दुसऱ्या विषयांकडे वळले.

या शोधातलं एक नाव आपल्या पाठासाठी महत्त्वाचं आहे, ते म्हणजे इंग्लंडचे कॉनराड वॅडिंग्टन. त्यांनी संघटक कोंबडीच्या भ्रूणातही असतो हे दाखवलं. पुढे एडिंबरोला त्यांच्या हाताखाली एका मराठी बाईंनी कोंबडीच्या भ्रूणावर हेच प्रश्न घेऊन काम केलं. त्या डॉ. लीला मुल्हेरकर. 1958 मध्ये त्यांचा निबंध तिकडच्या नियतकालिकात आला. परत येऊन त्यांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात भ्रूणविज्ञानाची शाळाच उभी केली. कोंबडीबरोबर आपल्याकडच्या मायक्रोहायला या छोट्या बेडकाच्या भ्रूणावरही त्यांच्या प्रयोगशाळेत काम झालं. पाऱ्याच्या क्षाराचा त्यावर काय परिणाम होतो, हे तपासलं गेलं. फ्रायबुर्गचा प्रश्न एडिंबरोमार्गे पुण्याला आला तो असा.

खरं उत्तर मिळालं ते जनुकं हाताळता येऊ लागल्यावर, आणि ते बेडकात मिळालं. झेनोपस हा आफ्रिकेतला नखवाला बेडूक. त्याची अंडी वर्षभर मिळतात, वसंताची वाट बघावी लागत नाही. हिल्डेला हा मिळाला असता तर!

आता त्या सातवीतल्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. नीट वाचा.

बेडकाचं अंडं तसं पूर्ण सारखं नसतंच. वरचा अर्धा भाग गडद, खालचा फिकट, पिवळ्या बलकाने जड. म्हणजे वर-खाली आईनेच ठरवून दिलेलं असतं. पाठ-पोट मात्र ठरलेलं नसतं. नराची शुक्रपेशी वरच्या भागात कुठेही शिरते. ती शिरली की अंड्याची बाहेरची साल आतल्या गाभ्यावर साधारण 30 अंश फिरते. संत्र्याची साल न सोलता थोडी फिरवल्यासारखी. या फिरण्याबरोबर खाली ठेवलेला काही माल एका बाजूला सरकतो, साधारणपणे शुक्रपेशी शिरली त्याच्या विरुद्ध बाजूला. तिथे पाठ होणार. काही जातींच्या बेडकांत या जागी करड्या रंगाची चंद्रकोर साध्या भिंगानेही दिसते.

त्या बाजूच्या पेशींत बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन साठतं. एरवी पेशी ते तयार होताच मोडून टाकते. पाठीच्या बाजूला मोडणारी यंत्रणा थांबते. ही सगळी साखळी, म्हणजे बाहेरून निरोप आला, आत एकाने दुसऱ्याला दिला, शेवटी केंद्रकात जाऊन जनुक चालू झालं, तिला संदेशमार्ग म्हणतात. या मार्गाचं नाव विंट. 1989 मध्ये झेनोपसच्या भ्रूणात पोटाच्या बाजूला विंट प्रथिनाचा संदेशवाहक आरएनए टोचला, तर दोन पाठींचा भ्रूण तयार झाला. हिल्डेने ओठ कापून लावून जे केलं ते आता एका थेंबाने होत होतं.

मजा अशी की अंडं पहिल्या तासांत स्वतःची जनुकं वापरतच नाही. आईने भरून ठेवलेल्या शिदोरीवर चालतं. बारा वेळा विभागून साधारण 4000 पेशी झाल्या की मग भ्रूणाची स्वतःची जनुकं जागी होतात. खालच्या बलकाच्या भागातून नोडल नावाचे निरोप वर येतात आणि मधल्या पट्ट्याला स्नायू, रक्त वगैरे व्हायला सांगतात. जिथे नोडलचा निरोप आणि पाठीचं बीटा-कॅटेनिन एकत्र येतात, तिथे ओठ तयार होतो. हाच तो हिल्डेचा तुकडा.

आणि ओठ काय सांगतो? 1992 मध्ये रिचर्ड हार्लंड यांच्या प्रयोगशाळेत नॉगिन हे जनुक सापडलं. जास्त दिलं तर भ्रूणाला डोकंच डोकं येतं, म्हणून डोक्यासाठीचा इंग्रजी बोलीतला शब्दच त्याला नाव म्हणून दिला. 1994 मध्ये एडी डी रॉबर्टिस यांच्या गटाला कॉर्डिन सापडलं. दोन्ही ओठाच्या पेशींतून बाहेर पाझरणारी प्रथिनं. सगळ्यांना वाटलं, हाच तो चेतापेशी हो म्हणणारा हुकूम. 1996 मध्ये कळलं की तसं नाही. भ्रूणात बीएमपी नावाचा निरोप सगळीकडे पसरलेला असतो आणि तो पेशींना सांगत असतो, कातडी व्हा, पोट व्हा. नॉगिन आणि कॉर्डिन जाऊन त्या बीएमपीला धरून ठेवतात, पेशींपर्यंत पोचूच देत नाहीत. निरोप पोचला नाही की बाहेरच्या थरातल्या पेशी आपल्या मूळ कलाप्रमाणे चेतापेशी होतात.

म्हणजे पाहुणा घरच्यांना काही नवं शिकवत नव्हता. तो फक्त त्यांना गप्प बसवणाऱ्याचं तोंड धरत होता! मिथिलीन ब्लूनेसुद्धा काम का केलं, ते आता थोडं लक्षात येतं. न्यूटच्या त्या पेशी चेतापेशी व्हायच्या काठावरच उभ्या असतात. जरा काही बिघडलं की त्या तिकडे घसरतात. बेडकाच्या पेशी इतक्या सहज घसरत नाहीत, म्हणून बेडकात उत्तर सापडायला मदत झाली.

आपल्या शरीरातही नॉगिन आहे, कॉर्डिन आहे, बीएमपी आहे. तुम्ही आईच्या पोटात काही आठवड्यांचे होतात तेव्हा हीच ओढाताण तुमच्या पाठीवर चालली होती.

आता गृहपाठ. यंदा पाऊस पडला की चार-पाच अंडी, जास्त नकोत, बोडीच्याच पाण्यासह पांढऱ्या वाटीत घ्या. नळाचं पाणी घालू नका. सावलीत ठेवा. शाळेतलं भिंग घेऊन दर तासाला बघा आणि वहीत वेळ टाकून चित्र काढा. पहाटेच घेतलीत तर दोन, चार, आठ असे भाग पडताना दिसतील. पुढे खालच्या फिकट भागाच्या कडेला एक बारीक वक्र रेघ उमटेल. तिच्या वरचा काठ म्हणजे ओठ. त्याच्या शेजारी वहीत हिल्डेचं नाव लिहा. एक-दोन दिवसांत शेपटीवाली पिल्लं वळवळू लागली की वाटी जिथून भरली तिथेच नेऊन रिकामी करा.